जावयाचं जर्मन विमान

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी त्याच्या पहिल्याच आखाजीला मारलं. तेही भरदुपारी, घरच्या ओसरीवर, सगळ्या भाऊबंदांच्या साक्षीनं.

हेतू चांगला होता. (असं प्रत्येकच जण म्हणतो, ठाऊक आहे.) माधुरीचं लग्न हिवाळ्यात झालं आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, ती नवऱ्यासह कोरीटला माहेरी आली. दाजी खापरचे, तिथं त्यांचं बियाण्यांचं दुकान. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलत नव्हता! चहा हवा का, तर मान हलायची. पंखा लावू का, तरी मान हलायची, आणि ती हो म्हणते की नाही म्हणते हे आपण ठरवायचं. आईनं सकाळपासूनच धसका घेतला. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "जवाई बोलत नहीत रे. आपलं काय चुकनं? त्यासले बोलतं कर."

आता मी नंदुरबारच्या एका कचेरीत कारकून. लोकांना बोलतं करणं दूरच, 'उद्या या' म्हणून गप्प करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण मला एक नाद आहे. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि कोण तरेल, कोण मरेल ते फासे टाकून ठरवायचं, असा तो खेळ. त्यासाठी मी अख्खा पावसाळा खपून एक विमान बसवलं होतं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं जर्मन लढाऊ विमान, एकावर एक दोन पंख, वर छप्पर नाही, आत जागा एकाच माणसाची. ते किती गिरकी घेईल, किती गोळ्या खाईल, पेट्रोल संपलं तर काय होईल, या सगळ्याचे नियम मी कागदावर लिहिले होते. अडचण एवढीच, की त्यात बसायला कोणी तयार होत नव्हतं.

दाजींना विचारलं. त्यांनी मान हलवली. मी ती हो धरली.

माधुरीला खाली तळावरची इंजिनवाली केलं, पुठ्ठ्याचं विमान ओसरीवर मांडलं आणि गोष्ट सुरू केली. शत्रूचं एक विमान पाडायचं आणि सुखरूप परत यायचं, एवढंच दाजींचं काम. तेवढ्यात माझे थोरले काका, आप्पा, पाणी प्यायला आले. आखाजीला आमच्याकडे पत्त्यांचे डाव पडतात आणि त्या दिवशी त्याला कोणी नावं ठेवत नाही. आप्पा सकाळपासून डावावरच बसलेले. फासे दिसल्यावर ते पाणी विसरले आणि पैजेवर काय लावेल शे म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, आप्पा, हा जुगार नाही, गोष्ट आहे.

"गोष्ट शे, मंग फासा कसाले?" आप्पा म्हणाले.

मी नियमांचा कागद पुढे केला. तोवर पत्त्यांचा अख्खा डाव उठून आमच्या ओसरीवर आला होता! घरात जावई आहे, पैसे लावणं बरं दिसत नाही, असं म्हणत आप्पांनी मोठ्या मनानं पैज आंब्यांवर आणली. आंबे कोणाचे? आईनं जावयाच्या रसासाठी खाटेखाली पिकत घातलेले! बघता बघता दोन ढीग झाले. जावई वाचेल म्हणणाऱ्यांचा एक, पडेल म्हणणाऱ्यांचा दुसरा. दुसरा फारच मोठा होता.

दाजींनी शत्रूचं विमान पाडलं. परतताना पेट्रोल संपलं. मी फासा टाकायला सांगितला, आणि पडला एक. मी कागद उचलला आणि कचेरीत हुकूम वाचतात तशा आवाजात वाचलं, "विमान कोसळतं. वैमानिक ठार."

ओसरीवर एकच जल्लोष! आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तशी आजोबांची घागर कोपऱ्यात होतीच. तिच्याकडे बोट दाखवून आप्पा म्हणाले, "आते आखो एक घागर भरनी पडी."

आणि पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आई दारात उभी.

"पहिली आखाजी शे त्यासनी," ती म्हणाली. "आनि तुम्ही जवाई मरना म्हनीसन आंबा वाटी ऱ्हायनात?" मग माझ्याकडे वळून, "परत टाक."

इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. पण माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हणालो, एकदा पडलेला फासा परत टाकता येत नाही, नियम म्हणजे नियम.

माधुरीनं माझ्याकडे असं बघितलं, की मला खरंच वाईट वाटलं. बिचाऱ्याला बोलतं करायला बसवलं आणि गावादेखत मारून ठेवलं! आता हा उठणार, बॅग भरणार आणि जन्मात या घराची पायरी चढणार नाही.

दाजी हलले. पण बॅगेकडे नाही. दोन्ही हातांनी त्यांनी मोठ्या ढिगातले आंबे स्वतःकडे ओढायला सुरुवात केली.

"आप्पा, मीबी 'पडी' म्हनीसनच आंबा लायेल व्हतात," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "इमान जर्मनीनं शे, पन नियम मन्हा सालाना शेतस. मी वाचसू कसा?"

ओसरी हसून हसून आडवी झाली. आई ताट खाली ठेवून तिथंच बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

जेवणाला रसाच्या वाट्या आल्या, तेव्हा दाजींनी नियमांचे कागद स्वतःकडे घेतले आणि विमान मला दिलं. बोलण्याचं तर विचारू नका! चाक काय फुटतंय, पंख काय तुटतोय, मध्येच धावपट्टीवर म्हैस काय येतेय. मी जमीन सोडायच्या आधीच खलास झालो. केविलवाण्या तोंडानं आईकडे बघून म्हणालो, "आई, मी मरी गऊ."

"बरं," आई म्हणाली. "जरा सरक, जवाईसले रस वाढू दे."