धुऱ्यावरचा बदाम

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा निम्मा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. करडी गावच्या धुरपताबाई ओल्या रेतीचा डबा घेऊन टेकचंदच्या दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, "हा तुह्या फ्रीजमंधी ठेव, दोन महिने." टेकचंदला वाटलं, बाईंना ऊन लागलं! रेतीत कवचासकट बदाम होते. फौजेतला लेक अश्विन काश्मीरहून सुटीवर येताना ते घेऊन आला होता. तिकडे बी बर्फाखाली पडून राहतं, मग रुजतं, हे त्याच्या बोलण्यातून बाईंनी बरोबर उचललं. चौथीपुढे शाळा न पाहिलेल्या या बाईच्या डोक्याला सलामच ठोकायला हवा.

सहा बियांना मोड आले.

"करडीत धान होते, बदाम नाही होत," नवरा परसरामजी म्हणाले. "कायले गावात हसू करून घेतं?"

"याच आंगणातला बदाम तुमच्या हातावर ठेवीन," बाई म्हणाल्या, आणि तेही नळावरच्या बायांच्या देखत. आता शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही.

पण जन्मभर धान केलेले हात ते. अंगणात लावलेल्या रोपांभोवती त्यांनी मातीची पाळ घातली, धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, भरावं तसं पाणी भरलं, वरून आषाढ कोसळला. एकापाठोपाठ एक चार रोपं मुळाशी सडली. गाव पोट धरून हसलं. बाई दोन दिवस नळावर गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी धानाची रोवणी करताना त्यांची नजर धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या उंच बांधावर गेली. बांधीत घोटाभर पाणी, आणि वर धुऱ्यावर कोवळी तूर मजेत उभी! दरसाल स्वतःच्या हातानं पेरत होत्या, तरी हे कसं सुचलं नाही? हातातली धानाची रोपं तिथंच ठेवून बाई घरी पळाल्या. भर पावसात अंगणात कमरेएवढा धुरा रचायला घेतला. परसरामजींनी टोपली उचलली आणि अंधार पडेपर्यंत माती वाहिली. उरलेली दोन रोपं वर चढली, आणि जगली.

झाडं छपराच्या वर गेली. फुलं यायची, उन्हानं गळायची. दहाव्या वर्षी मात्र तीन बदाम टिकले. दोन खारींनी पळवले. तिसरा बाईंनी दगडानं फोडला, अर्धा गर नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि अर्धा आपल्या तोंडात टाकला.

कडू जहर! बाईंनी तो पदरात थुंकला. दहा वर्षांची मेहनत, आणि हे? डोळे भरून आले. नवऱ्याकडे बघायची हिंमत होईना.

परसरामजी सावकाश चावत होते. त्यांनी सगळा गर गिळला.

"गोड हाय वो," ते म्हणाले आणि रिकामा हात पुन्हा पुढे केला. "आखीन हाय का?"