नववा गडी

माझ्या मुलाच्या बेसबॉल टीमचा इतिहास लिहायला सांगितलाय मला. मी चौथी पास. पण दोन उन्हाळे घडीची खुर्ची घेऊन एकूण एक मॅचला गेलेलं माणूस मीच. इतिहासात नुसती हार आहे. तेवढं चौथीच्या मराठीत बसतं.

टीम इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसांतल्या पुण्या-मुंबईच्या पोरांची. पोरं म्हणजे चाळिशीची, पोटं सुटलेली. क्रिकेटच्या टीमनं घेतलं नाही म्हणून इकडे वळलेली. लीगही सगळ्यात खालची. क्रिकेटची सवय मात्र सुटेना. बेसबॉलमध्ये चेंडू मैदानात मारला की बॅट टाकून पळावंच लागतं. आमचे मारायचे आणि रन निघते का, ते उभं राहून बघायचे. तोवर आऊट. पळालेच तर बॅट हातात घेऊन.

नऊ जण जमले नाहीत की न खेळताच हार. तसं दोनदा झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर लीगमधून नाव काढणार होते. आणि नेमका शेवटच्या मॅचच्या सकाळी ईलिंगहून आमच्यात खेळायला येणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला, हॉस्पिटलच्या ड्युटीतून सुटका नाही. उरले आठ. मुलाचं तोंड एवढंसं झालं. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला रविवारचं तेवढंच सुख होतं.

सून थर्मासमधून चहा ओतत होती.

“हिला घ्या,” मी म्हणाले.

“आई, तिला रूल्स माहीत नाहीत.”

“तुम्हाला माहीत आहेत ना? मग काय उजेड पाडलात?”

लीगमध्ये बायका चालतात, आणि सून नागपूरच्या शाळेत खो-खो खेळलेली. तिनं चेंडूला कशीबशी बॅट लावली, बॅट टाकली आणि पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. पुढची पाळी मुलाची. त्यानं झकास मारला आणि राहिला बघत.

“अहो, फोटो काढायचाय का? पळा!” दुसऱ्या बेसकडे पळता पळता सून ओरडली.

पळाला. बॅट घेऊनच.

मॅच हरलो. पण नऊ जण होते, म्हणून लीगमध्ये नाव राहिलं.

यंदा डॉक्टर परत आलेत, आणि सून काही जागा सोडत नाही. दहा झाले. बाहेर कोणाला बसवायचं यावर फारशी चर्चा झाली नाही. मुलगा आता माझ्या शेजारी बसतो. चहा बरा ओततो.