पत्र्यांवरचे दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर माझ्या कपाळावरची आठी बघून मनातलं ओळखायची. तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसलो असताना दोन-तीनदा तोंड उघडलं होतं. पण बाहेर काय आलं? ‘पाणी देऊ का?’ एवढंच. आता तीही नाही, आणि मला बोलायचंय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, रस्त्यात भेटलो तर मान फिरवावी लागणार नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगतो. सबब म्हणून नाही — पुढचं नीट कळावं म्हणून. मी संशयी माणूस. दूधवाल्याचं माप, दुकानदाराचा काटा, जीपवाल्यानं दिलेली सुटी नाणी, सगळ्यांवर माझा डोळा. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पोरांच्या पाट्या तपासताना मला आधी नक्कल दिसायची, उत्तर नंतर. बायको म्हणायची, तुमच्या डोळ्यात काय गेलंय ते एकदा डॉक्टरला दाखवून या. मी हसायचो. मनातून मला त्याचा थोडा अभिमानही होता, कारण मला कुणी फसवू शकत नाही असं मी धरून चाललो होतो.

आमचं गाव जवळा बाजारापासून जीपनं अर्ध्या तासावर. घरात देवळाची पूजा पिढीजात, मी नोकरी धरली तरी वडील होते तोवर नैवेद्य आमच्याच घरून जायचा. आमच्या घराला लागून एक जुनं घर होतं, मध्ये दोन हात रुंदीचा बोळ. ते घर फुलसिंगनं घेतलं. तो तांड्यावरचा. शेती होती, दोन बैल होते, बोलणं कमी. त्याची बायको कमळाबाई — कापूस वेचायला लागली की तिच्या दोन्ही हातांकडे बघत राहावं अशी. आल्याच्या पहिल्या दिवाळीला तिनं आमच्याकडे फराळाचं ताट पाठवलं. मी ते ताट बराच वेळ बघत बसलो. काय हवं असेल यांना?

तांड्यावरचे लोक शेजारी आले हे मला टोचत होतं का? होतं. तेव्हा विचारलं असतंत तर मी साफ नाही म्हटलं असतं, वर तुम्हाला माणुसकीवर दोन वाक्यं ऐकवली असती.

नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. हिंगोली जिल्हा अजून झाला नव्हता, कागदोपत्री आम्ही परभणीचे. आमच्याकडे मे महिन्यात दुपार कलली की वादळ उठतं. धूळ, मग वारा, मग कुणाचे तरी पत्रे. फुलसिंगच्या घरावर गंजलेले पत्रे होते आणि त्यावर दगड ठेवलेले. अर्ध्या गावाचं छप्पर तसंच. हुक आणि नटबोल्ट कोण मारत बसतो? दगड फुकट मिळतात. पत्रा उडू नये म्हणून दगड ठेवायचा, वारा वाढला की दगड वाढवायचे, आणि खाली आपण झोपायचं. त्या वर्षीच्या वादळात त्याचे दोन पत्रे उडून थेट आमच्या तुळशीपाशी येऊन पडले. फुलसिंग आला, मान खाली घालून पत्रे उचलून घेऊन गेला.

आठवड्यानं तो पुन्हा आला. म्हणाला, सगळं छप्पर नवं करायचंय. भिंतीवर दोन थर विटा चढवायच्या, लोखंडी अँगल टाकायचे, पत्रे हुकानं आवळून घ्यायचे, म्हणजे पुन्हा दगड नको. आणि त्यासाठी त्याला ग्रामपंचायतीची परवानगी हवी होती. अर्ज लिहून द्या, म्हणाला.

आता हे ऐका. गावात छपरासाठी परवानगी कोण घेतं? कुणीच नाही. मिस्त्री बोलावतात आणि चढवतात. फुलसिंगनं मागितली, कारण तो बाहेरून आलेला. उद्या कुणी बोट दाखवू नये, सगळं कागदावर असावं, असं त्याला वाटलं. हे मला आज कळतं. तेव्हा मला काय वाटलं असेल? ज्याच्या मनात काही नाही तो कागद कशाला करेल?

तरी अर्ज मीच लिहिला. माझं अक्षर गावात नावाजलेलं; शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, लग्नाच्या पत्रिकांवरची नावं, सगळं माझ्या हातचं. घराचा उतारा जोडला, घरपट्टीची पावती जोडली. लगतच्या घरमालकाची संमती लागते, म्हणून खाली ‘माझी हरकत नाही’ असं लिहून सहीही केली. कमळाबाईनं दारातून हात जोडले. मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, मी खिडकीत बसलो होतो. फुलसिंग बोळात उभा होता. त्याच्या हातात सुंभाची दोरी. दोरीचं एक टोक त्याच्या भिंतीला, दुसरं — माझ्याकडे. तो मापत होता. मी जरा पुढे वाकलो, तेवढ्यात त्यानं दोरी गुंडाळली आणि आत गेला. काही बोलला नाही.

बस. मला तेवढं पुरलं. छपराच्या नावाखाली हा बोळ गिळणार. पत्र्याची वळचण माझ्या हद्दीत काढणार, सगळं पाणी माझ्या भिंतीच्या पायात सोडणार. माझ्याच हातून अर्ज लिहून घेतला, माझीच सही घेतली, आणि आता मला मापतोय! विचारायचं होतं मला — सरळ दारात जाऊन, काय मापत होतास रे बाबा? चार पावलांवर तर दार होतं त्याचं. मी गेलो नाही. सही केलेला माणूस आता कोणत्या तोंडानं बोलणार? आणि खरं सांगू — विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मला उत्तर नकोच होतं.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल जी गावात कुणालाच ठाऊक नव्हती. मी जन्माचा डावखुरा. डाव्या हातानं देवाला फूल वाहिलं म्हणून वडिलांनी लहानपणी माझा तो हात पंच्यानं कमरेला बांधून ठेवला होता, महिनोन्महिने. उजवा हात वळणावर आला, डावा लपून राहिला. पण तो विसरला नव्हता. कधी एकटा असलो तर मी डाव्या हातानं लिहून बघायचो. अक्षर वेगळंच यायचं, तिरपं, आणि ‘ळ’ची गाठ उलट्या बाजूला पडायची.

त्या हातानं मी दुसरा अर्ज लिहिला. सदर इसम छप्पर बदलण्याच्या नावाखाली सामाईक बोळ हडप करीत आहे, तरी मोजणी केल्याशिवाय परवानगी देऊ नये. खाली — ‘एक गावकरी’. जवळा बाजारच्या पोस्टात जाऊन पेटीत टाकला.

झालं. शब्द बाहेर पडले. आता पुढचं सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं नाहीये.

ग्रामसेवक नवा होता, घाबरट होता. तक्रार आली म्हटल्यावर त्यानं हात वर केले. तालुक्याहून मोजणी करून आणा, मग बघू. मोजणीला नंबर लावला की महिने जातात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मोजणीदाराची एक तारीख पावसात गेली, दुसरी निवडणुकीत. फुलसिंगनं हिंगोलीहून आणलेले नवे पत्रे लिंबाला टेकून उभे होते. जुने पत्रे परत वर चढले आणि त्यांवर आणखी दगड आले. फुटक्या जात्याची एक तळीही होती त्यांत.

तक्रारीचा कागद ग्रामसेवकानं फुलसिंगच्याच हातात दिला होता. त्याला वाचता येत नव्हतं. तो कुणाकडे आला असेल?

मी वाचला. माझाच अर्ज, माझ्याच ओसरीवर, त्याला वाचून दाखवला. मास्तरासारखा स्पष्ट, एकेक शब्द सोडवून. तो ऐकत होता. मग म्हणाला, “गुरुजी, काहून केलं असंल कोणी? आमी तर कोणाला तकलीफ दिली न्हाई.”

मी नाव घेतलं नाही. फक्त समोरच्या दाराकडे पाहिलं. समोर मारोती शिंपी राहायचा, मशीनवर वाकून कुणाचा तरी सदरा शिवत होता. फुलसिंगनं माझी नजर कुठं गेली ते पाहिलं, कागदाची घडी केली आणि उठला. त्या दिवसापासून त्या दोन घरांचं बोलणं तुटलं. मारोती मरेपर्यंत त्याला कळलं नाही की शेजारी आपल्याशी का बोलत नाही.

पुढच्या मे महिन्यात वादळ आलं. चार वाजले असतील. कमळाबाई अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला धावली. मी खिडकीत होतो — मी नेहमीच खिडकीत असायचो. कडेचा पत्रा एकदा उचलला, खाली बसला, पुन्हा उचलला. मी ओरडायला पाहिजे होतं. ओरडलो का? मला खरंच आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी माझ्या आठवणीवर तुम्ही विश्वास ठेवू नका. जात्याची तळी घसरली आणि तिच्या उजव्या कोपरावर आली.

नांदेडला नेलं. हात राहिला, पण वाकडा राहिला. बोटं मिटायची नाहीत. वेचणीला ती पुन्हा गेली नाही. पुढं कितीतरी दिवस सकाळी त्यांच्या चुलीपुढं फुलसिंग बसलेला दिसायचा, जाड, फाटक्या कडांच्या भाकरी थापत.

परवानगी? ती मग आठ दिवसांत मिळाली. मोजणी नाही, काही नाही. ग्रामसेवक स्वतः घरी आणून देऊन गेला. नवं छप्पर चढलं, एक दगड लागला नाही. आणि सगळ्यात शेवटी मिस्त्रीनं बोळाच्या बाजूनं, वळचणीखाली, अखंड लांबीची पत्र्याची पन्हळ बसवली. पाण्याचा एक थेंब माझ्या भिंतीकडे येऊ नये म्हणून. मी आपला सहज विचारल्यासारखं विचारलं, ही कधी ठरली? फुलसिंग म्हणाला, पहिल्यापासून होती मनात, तुमच्या भिंतीपासून किती लांब राहील त्याचंच तर माप घेऊन राहिलो होतो तवा. तुमी झोपले असान म्हणून बोललो न्हाई.

तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मग मनात आलं — याला ठाऊक तर नाही? मला बोलतं करायला म्हणाला असेल का? बघा माझी जात. बाईचा हात गेला, आणि मी तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत डाव शोधत होतो.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो, जिल्हा वेगळा झाला, गावात बायकांचे बचत गट आले. कमळाबाईला गटात अध्यक्ष केलं. एका दुपारी ती पाटी घेऊन आली. अंगठा लावायची लाज वाटती गुरुजी, म्हणाली, सही शिकवा. पण उजवा हात तर कामाचा न्हाई.

मी तिला बसवलं. डाव्या हातात खडू दिला. तिला धरता येईना, ती माझ्या उजव्या हाताकडे बघून उलटं करू पाहत होती आणि गोंधळत होती. मी वैतागलो. आणि विचार न करता खडू माझ्या डाव्या हातात घेतला आणि पाटीवर लिहिलं — कमळाबाई. सरळ, न थांबता.

ती पाटीकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे.

“गुरुजी, तुमी डावखुरे हाव?”

“लहानपणी होतो.”

‘ळ’च्या उलट्या गाठीवरून तिनं बोट फिरवलं, हळूहळू, दोनदा. तक्रारीचा तो कागद त्यांच्या घरी पेटीत आहे हे मला ठाऊक होतं. घराच्या कागदांबरोबर फुलसिंगनं तो जपून ठेवलाय. तिनं तो पाहिला असेल. अक्षर न येणारं माणूसही कागद बघतंच. तिला कळलं का? मी आजही तिच्या चेहऱ्यात ते शोधतो. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. पंधरा दिवसांत सही शिकली. दिवाळीला ताट अजून येतं.

गटाच्या वहीत, बँकेच्या कागदावर, ग्रामसभेच्या हजेरीत, जिथं जिथं कमळाबाई सही करते, तिथला ‘ळ’ उलट्या गाठीचा आहे. तक्रारीच्या अर्जातल्या ‘बोळ’मध्ये तोच आहे.

तो अर्ज मी लिहिला होता.