दत्ताजीरावांच्या गच्चीवरची मेथी

दत्ताजीरावांचे पणजोबा गायकवाडी रिसाल्यात घोडेस्वार होते. दत्ताजीराव बडोद्याच्या एका माती-प्रयोगशाळेत मदतनीस होते, आणि मातीतल्या जिवाणूंबद्दल असे बोलत, जणू तबेल्यात बांधलेले घरचेच घोडे.

१९९६च्या नवरात्रात सावली गावच्या विमलबेन दोन पिशव्या माती घेऊन आल्या. एक काळी, एक गोराडू, म्हणजे रेताड. दोन्ही शेतांत मक्यावर तणनाशक मारलेलं.

"साहेब, गेल्या साली मक्यामागून मेथी पेरली, ती पिवळी पडून मेली. आईनं दिलेलं बी आता एकाच शेतापुरतं राहिलंय. दिवाळीपर्यंत सांगा, कुठल्या शेतात टाकू?"

प्रयोगशाळेच्या यंत्रापुढे दोन महिन्यांची रांग. "मेथीलाच विचारू," दत्ताजीराव म्हणाले. घडियाळी पोळ या गल्लीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर त्यांनी दोन कुंड्यांत ती माती भरली आणि बाजारची मेथी पेरली. औषध उरलं असेल तर रोपंच सांगणार.

घरी मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. मातीचा विषय निघाला की पत्नी विजयमालाबाई कुकर लावायला उठत.

मग ते आठवडाभर दौऱ्यावर गेले. परत येऊन गच्चीवर धावले, तर काळ्या मातीतली रोपं पिवळी, आणि गोराडूची कुंडी बोडकी! तसेच स्वयंपाकघरात उतरले. चाळणीत मेथी, परातीत पीठ.

"अगं, ही मेथी?"

"थेपल्यांना. पाहुणे यायचेत. छान हिरवीगार होती."

"हिरवीगार? नक्की?"

"अहो, डोळे आहेत मला! पिवळी नाही खुडली. ती तुम्ही खा."

दत्ताजीरावांनी चाळणी छातीशी धरली. "पिठात घालू नकोस, हा अहवाल आहे! गोराडूत दरसाल शेणखत पडतं. तिथल्या जिवाणूंनी पंगत मांडून औषध फस्त केलं, थोडं पावसाबरोबर खाली गेलं. काळीला खत नाही, वर ती चिकट. तिनं औषध धरून ठेवलं."

"म्हणजे तुमच्या आत्याबाई. लाडू स्वतः खाणार नाहीत, दुसऱ्याला देणार नाहीत."

इतकं नेमकं शास्त्र प्रयोगशाळेतही कुणी सांगितलं नव्हतं.

विमलबेननी आईचं बी गोराडूत टाकलं, काळ्या शेतात पुन्हा मका. महिन्याभरानं शेजारच्या मल्हाररावांकडे फोन आला. "साहेब, मेथी लीलीछम छे! हिरवीगार! अख्खं शेत!"

दत्ताजीराव ओट्यावर येऊन ओरडले, "विजयमाला, सगळं सुखरूप! एकसुद्धा पिवळं नाही!"

निम्म्या पोळाला वाटलं, यांना नातू झाला. लोक पेढे मागायला आले. दत्ताजीरावांनी खुलासा न करता दोन किलो आणवले.