सहाव्या महिन्यातलं गिरान

"तुमाला कसलं आलंय गं गिरान?"

मालकीनबाई असं म्हनली, आन बांधावरचे चार बाप्ये हासले. त्यात माजा नवराबी हुता. त्यानं मान खाली घातली, पन हासला.

मी पोटुशी हुते. सहावा लागला हुता. सकाळचं सूर्याला गिरान लागनार म्हनून आदल्या दिसापासून समदीकडं बोलनं चाललं हुतं. पोटुशीनं चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, शिवायचं न्हाई. पोराचा ओठ फाटतो. हे मला माज्या आईनं सांगितलेलं, तिला तिच्या आईनं. म्हनून मी धाडस करून मालकीनबाईला इनवनी केली. शेत तिचं हुतं, मुकादम तिचं ऐकायचा. म्हनले, वैनी, दोन तास बसू द्या. माज्या पोटात लेकरू हाय. गिरान सुटलं की उठते.

तवा ती तसं म्हनली. आन वर म्हनली, "गिरान पाळायला घर लागतं. तुमच्या कोपीला दार तरी हाय का?"

खोटं नव्हतं. आमी पाथर्डीच्या डोंगराकडची मानसं. दिवाळी झाली की सोनईच्या बाजूला ऊसतोडीला येतो. वाढ्यांची, म्हंजी उसाच्या शेंड्याच्या पाल्याची, कोपी घालून ऱ्हातो. दाराच्या जागी गोनपाट. पन त्या दिशी तिची सून बी पोटुशी हुती. माज्यापरीस महिनाभरानं मागं. तिला सकाळपासून आतल्या खोलीत निजवलेली. खिडकीला चादर लावलेली. कूस बदलायची तरी सासूला इचारून. हे मला कसं कळलं? त्यांच्याच मोलकरनीनं हौदावर सांगितलं.

मुकादम वरडला, "गाडी भरायची हाय! हुबी काय ऱ्हायलीस?"

मी कोयता उचलला. उजेड इटल्यावानी झाला. पाखरं गप झाली. मी एका हातानं पदर पोटावर गच धरला आन दुसऱ्या हातानं ऊस तोडत ऱ्हायले. एकेका घावाला म्हनायचे, देवा, हिच्याकडं बघू नको. मला पोरगीच हुनार असं का कुनास ठाऊक वाटत हुतं.

पोरगीच झाली.

कोपीतच झाली. टोळीतल्या म्हातारीनं सोडवली. म्हातारीनं पोरीला उचललं, तोंड पुसलं, परत पुसलं. मग पोरगी माज्या हातात दिली. वरचा ओठ नाकापातुर फाटलेला. आत टाळूला बी भोक. डोळे मातर लई सुंदर. काळेभोर. माज्याकडं टक लावून बघायची.

दुसऱ्या दिशी मालकीनबाई बघायला आली. कोपीत वाकून शिरली, पोरीचं तोंड बघितलं, पदर नाकाला लावला. "गिरानात कोयता चालवलास. दुसरं काय व्हनार हुतं?"

तेच तोंड! त्याच तोंडानं मला म्हनली हुती, तुमाला कसलं गिरान. मला तवा हे सुचलं सुद्धा न्हाई. मी तिच्या पाया पडले. म्हनले, वैनी, चुकलं माजं. आता काय करू ते सांगा.

आज हे सांगताना माजं मलाच थोबाड फोडावं वाटतंय.

तिनं सांगितलं, नऊ दिस उपास धर. दोष उतरंल. मी धरला. बाळंतीन बाई मी, वली बाळंतीन, आन एका वक्ताला मूठभर भगर खाऊन ऱ्हायले. पोरीला पाजायला घेतलं की दूध तिच्या नाकातनं बाहेर यायचं. ती ठसकायची, निळी पडायची. मी म्हनायचे, दोष हाय, उतरंल. चौथ्या दिशी माजं दूध आटाय लागलं. तरी मी उपास सोडला न्हाई. उपास मोडला तर पोरगी जाईल ह्या भ्यानं मीच तिला उपाशी ठेवलं.

नवरा मुकादमाकडं गेला. फटफटी मागितली, दवाखान्यात न्ह्यायला. तो म्हनला, "ह्यो दवाखान्याचा आजार न्हाई. गिरानाचा डाग हाय. दोन दिस तुमचा कोयता बंद ऱ्हायला तर गाडी कोन भरनार, तुजा बाप?" नवरा परत आला आन कोपीच्या मागं बसून रडला. मी आतनं ऐकत हुते.

पोरगी एकोनीस दिस जगली. बारसं केलं न्हाई. असल्या पोरीचं कसलं बारसं, म्हनले समदे. तिला नाव न्हाई. हाक मारायची झाली तर मी काय म्हनून मारू?

गावाकडं परत गेलो तवा मी दुसरीच कोन झाले हुते. बायका मला गिरानवाली म्हनाय लागल्या. तोंडावर न्हाई, पाठीमागं, पन ऐकू येईल असं. भावकीत कुनाचं डोहाळजेवन असलं की मला बोलावनं नसायचं. सासूनं तर सरळ सांगितलं, "तू पोटुशीच्या म्होरं जाऊ नगं बाई, लई वंगाळ नजरंची झालीस." मी म्हनायचे, बरोबर हाय. माज्याच हातानं झालं. लेकरू मारलेली बाई मी. दुसऱ्यांनी लांब ऱ्हावं हेच बरं. चार वरसं मी असं म्हनत जगले. फडात कोयता मारताना बी मनात तेच. ह्याच हातानं.

माजी थोरली पोरगी सोनाली. ती आजीपाशी गावाकडं ऱ्हाती, शाळंत जाती. मागच्या उन्हाळ्यात ती आंगनात पुस्तक घेऊन बसली हुती. मी पलीकडं कनीक मळत हुते. दिस मावळतीला टेकला हुता. ती एकदम म्हनली, "आये, त्यातला एक गोळा दे बरं. आन हिकडं ये."

मी म्हनले, खेळ करतीस काय अन्नाचा? पन दिला गोळा. तिनं तो एका काडीला खोचून माज्या हातात दिला.

"हे तुजं डोस्कं म्हंजी पृथ्वी. त्यो सूर्य. आन हा गोळा म्हंजी चंद्र. धर म्होरं, सूर्याच्या जरा वर. सूर्याकडं बघू नको, गोळ्याकडं बघ."

धरला. गोळ्याची माज्याकडची बाजू काळपट दिसली.

"ही अमुशा. उजेड पलीकडच्या बाजूला हाय, तुला दिसत न्हाई. आता हळूहळू डावीकडं फिर."

फिरले. गोळ्याला कडंला उजेडाची कोर आली. मग अर्धा उजळला. सूर्याकडं पाठ झाली तवा हात उंच धरलेला गोळा समदाच्या समदा उजळ. पुनव! मी खुळ्यावानी हासले. येवढी वरसं चंद्राच्या उजेडात फडाकडं चालत गेले, तो लहानमोठा का हुतो ते मला कुनी सांगितलं नव्हतं. तो लहानमोठा हुतच न्हाई. त्याची उजेडाची बाजू आपल्याला कवा थोडी, कवा जास्ती दिसती, येवढंच.

"आता हात जरा खाली घे," सोनाली म्हनली.

खाली घेतला. माज्याच डोस्क्याची सावली गोळ्यावर पडली. गोळा इझला.

"हे चंद्रग्रहन. आता परत सूर्याकडं तोंड कर, डोळे मिट, आन गोळा बरोबर म्होरं धर." मिटलेल्या डोळ्यावरचं ऊन गेलं. गार लागलं. "आता गोळ्याची सावली तुज्या तोंडावर पडली. हे सूर्यग्रहन."

"मग दर अमुशाला का लागत न्हाई?"

"चंद्राची वाट जराशी तिरपी हाय. बहुतेक टायमाला तो वरनं न्हाईतर खालनं निसटतो. तिघं एका सरळ रेघंत आले तरच लागतं."

"येवढंच?"

"येवढंच."

मी डोळे उघडले न्हाईत. तसंच इचारलं, "मग ती सावली पोटात कशी शिरती?"

पुस्तकाची पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हनली, "तसं काय पुस्तकात न्हाई, आये."

रातभर मला झोप आली न्हाई. सकाळी उठून तडक उपकेंद्रात गेले. तिथं नर्सबाई हुती. तिला समदं सांगितलं. ती पयल्यांदा येवढंच म्हनली, "मावशी, ग्रहण लागलं तेव्हा कितवा महिना होता?"

"सहावा."

"बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. टाळू तिसऱ्यापर्यंत. जे व्हायचं ते ग्रहणाच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं. कशानं झालं ते नेमकं सांगता येत नाही. पण कोयत्यानं नाही आणि ग्रहणानंही नाही."

मला वाटलं हुतं, हे ऐकून छाती हलकी हुईल. ती म्होरं म्हनली, "बाळाला उभं धरून चमच्यानं पाजायला हवं होतं. जरा मोठं झालं की ऑपरेशन होतं. सरकारी दवाखान्यात फुकट."

चमच्यानं.

माज्या कोपीत दोन चमचे हुते.

मी तिथंच बाकावर बसले. नर्सबाईनं पानी दिलं. मी रडले न्हाई. लई वरसं रडून झालं हुतं, आन ते समदं चुकीच्या गोष्टीसाठी. घरी येताना वढ्याच्या कडंला एकटीच बसून मग वरडले. गुरं राखनारे लांबनं बघत हुते. बघू दे.

यंदा परत त्याच टोळीत, त्याच मळ्यात आलो. टोळीत मंगल म्हनून एक पोरगी हाय. येकोनीस वरसाची, पयलटकरीन, आठवा महिना. परवाच्या पुनवंला दिस मावळायच्या टायमाला चंद्राला गिरान हुतं. त्याचे वेध सकाळपासूनच. मंगल सकाळपासून रडत हुती. दुपारी मुकादमापाशी गेली, म्हनली, दादा, आज बसू द्या. तो म्हनला, गाडी भरल्याबिगर कोन बसनार न्हाई.

तेवढ्यात मालकीनबाई बांधावर आली. तिची दुसरी सून आता पोटुशी हाय. मुकादमाला म्हनली, "बायकांना आज हौदाकडं येऊ देऊ नको. आन त्या गिरानवालीला तर अजाबात न्हाई. सुनंच्या नजरंला पडायला नगं."

मी कोयता खाली टाकला.

म्हनले, "मंगल आज तोडनार न्हाई. उद्याबी न्हाई. गिरान हाय म्हनून न्हाई. आठवा हाय म्हनून."

मुकादम म्हनला, "तू कोन सांगनारी?"

"जिची पोरगी मेली ती. गिरानानं न्हाई मेली ती. उपाशी मेली. वैनी, उपास तुमी सांगितला. दादा, फटफटी तुमी दिली न्हाई. आन मी अडानी, मी ऐकलं. तिघांनी मिळून मारली. माजा वाटा मी घेते. तुमचा तुमी घ्या."

मालकीनबाई पदर सावरत निघून गेली. मुकादम म्हनला, टोळीतनं काढीन. नवरा म्हनला, "काढा." आयुष्यात पयल्यांदा म्हनला.

मी मंगलला बाभळीखाली नेऊन बसवलं. शेजारी बसले. ती पोटावर पदर गच धरून बसलेली. जरा येळानं हळूच म्हनली, "मावशी, राग मानू नका. गिरान सुटंपर्यंत जरा लांब बसता का?"

तिचा दोष न्हाई. चार वरसं मीबी हेच म्हनत हुते. मी चार हात लांब सरकले. पन उठून गेले न्हाई.

पुढल्या महिन्यात तिचे दिस भरतील. कळा सुरू झाल्या की मी तिला दवाखान्यात नेनार. मुकादमानं फटफटी दिली न्हाई तर उसाच्या गाडीवर बसवून नेनार. ती माज्या सावलीला भ्याली तरी नेनार. लेकरू जसं असंल तसं, पयल्या दिशी डॉक्टरला दाखवनार, आन त्याचं नाव बाराव्या दिशी ठेवल्याबिगर कुनाला उठू देनार न्हाई.