न वाळणारी गोधडी

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या इमारतीत जिन्याला विटांची जाळी आहे: दोन आडव्या, एक उभी, मध्ये भोक. समोरच्या वहिनी पायरीवर बसून तीच नक्षी गोधडीवर शिवायच्या आणि मध्ये येणाऱ्याला "उजेड सोडा" म्हणून हाकलायच्या.

जाळीत एक वीट तिरकी बसली आहे. गोधडीतही तिरका तुकडा दिसला, तेव्हा मी चूक दाखवली.

"भाऊजी, तिथे गवंड्याचा हात डुलला, म्हणून माझाही डुलला. तुमचं काय जातंय?"

गोधडी पुरी झाली आणि सोसायटीने कबुतरांना वैतागून जाळी बुजवायचं ठरवलं. सेक्रेटरी मीच. गवंडी आला, तर जाळीवर ओली गोधडी!

"वाळली की काढते," वहिनी म्हणाल्या.

भर मे महिन्यात ती आठवडाभर वाळेना. एका सकाळी दूध आणायला निघालो, तर नव्या बांधकामावर मारतात तसं वहिनी मगाने गोधडीवर पाणी मारत होत्या.

"हवाच दमट आहे हो," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

खाली गवंडी घमेलं घेऊन उभा होता. "साहेब, वाळली काय?"

"नाही रे," मी म्हणालो. "हवा दमट आहे."