डाव्या दारातली गाठ

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं तर हे लिहिणारही नव्हते... इंग्लिश मीडियमची आहे, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

मनीषनगरला आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्यांची जुनी गाडी आता मी चालवते, पण आई तेव्हापासून तिच्यात बसलेली नाही. पुढची डावी सीट तिची. तिची आवडती गाणी नीट ऐकू आली तर कदाचित बसेल, म्हणून मी वाडीला राजूभाऊ फिटरकडून पुढच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले. दारांची आतली कव्हरं काढली होती तेव्हा फोटोही काढून ठेवले — मला तशी सवय आहे.

घरी आणली आणि डावं दार खडखडायला लागलं. आईने गॅलरीतूनच ऐकलं. बाबांना गाडीतला एवढासाही आवाज चालायचा नाही. रस्त्याच्या कडेला थांबून शोधत बसायचे. यांचं लग्न या गाडीशीच लागलंय, असं आई चिडवायची. आता ती फक्त म्हणाली, “ह्यांले हे खपलं नसतं वं,” आणि आत गेली.

रविवारी मी बाबांसारखंच केलं. जड ठेक्याचं गाणं लावलं आणि दारावर तळहात दाबत दाबत सरकवत नेला. हँडलच्या जरा खाली दाबलं की आवाज बंद! आत लॉकची सळी पत्र्यावर आपटत असणार. राजूभाऊ फोनवर म्हणाले, उद्या आणा, फोम लावून देतो. गाडी लॉक केली. चावी माझ्याच पर्समध्ये होती.

सोमवारी वाडीपर्यंत दार एकदाही वाजलं नाही.

राजूभाऊंनी तरी कव्हर काढलं आणि माझ्याकडे बघत राहिले. “मॅडम, तुमीच करून टाकलं, तं माह्याकडे काहून आणली?”

सळीवर जांभळ्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती, वरून दोरा बांधलेला. मी आधीचा फोटो दाखवला. त्यात सळी उघडी होती. त्यांनीही काही लावलं नव्हतं.

कापड मी ओळखलं. आईच्या जुन्या साडीचा तुकडा बाबा काच पुसायला समोरच्या कप्प्यात ठेवायचे. कप्पा उघडला. तुकडा तिथेच होता... एका कडेने फाडलेला.

राजूभाऊ पट्टी काढायला लागले, तर मी नको म्हटलं. कव्हर न लावताच गाडी घरी आणली.

आई खाली आली. दोऱ्याची गाठ तिने बोटाने चाचपली. आजोबांचा उमरेडला हातमाग होता. तुटलेला धागा जोडायची हीच बारीक, चपटी गाठ बाबा लहानपणीच शिकले होते. बुटाच्या लेसपासून पार्सलपर्यंत सगळीकडे तीच मारायचे. आम्हा दोघींना ती येत नाही.

आईने गाठीवरचा हात काढला. मग पदराने सीटवरची धूळ पुसली आणि बसली.

याला काहीतरी साधं उत्तर असेलही. मला अजून सापडलेलं नाही. मी गाडी सुरू केली, तेव्हा आई एवढंच म्हणाली,

“हळू चालव वं. गाठ नवी हाये अजून.”